जुन्या हातमागातून आवाज काढायचाय: रेसिडेन्सीतला प्रोटोटाइप, सल्ला द्या

आडवा_धागा:
नमस्कार मंडळी. आजवर नुसती वाचत होते, पहिल्यांदाच धागा काढतेय. नागपुरातच एका छोट्या संस्थेची रेसिडेन्सी मिळाली आहे, म्हणजे काम करायला खोली, थोडं मानधन, सामानाला पैसे आणि शेवटी ओपन स्टुडिओ, ज्यात कुणीही येऊन पाहू शकतं. पूर्ण कलाकृती मागत नाहीत, प्रोटोटाइप चालतो, पण लोकांनी हात लावला की तो वागला पाहिजे.

पाचपावलीतल्या एका घरातून जुना हातमाग मिळाला. गोळीबार चौकाच्या मागच्या गल्ल्यांमधून ज्यांनी लहानपणी सायकल मारली आहे त्यांना सांगायची गरज नाही, घराघरातून खटक-ठप खटक-ठप चालू असायचं आणि आपण त्याच्या मधून जायचो. आता बहुतेक घरांत माग उभा नाही, असला तर त्याच्यावर गाद्या ठेवल्या आहेत. ज्यांनी दिला त्यांच्या वडिलांचा होता. लाकूड एक नंबर आहे, हाताने घासून घासून काही ठिकाणी काचेसारखं गुळगुळीत झालंय.

मला करायचंय ते असं की येणारा माणूस मागावर बसेल, फणीची चौकट (आडवा धागा ठोकून बसवते ती) स्वतःकडे ओढेल आणि मागाच्या लाकडातूनच स्वर येईल, बाजूला ठेवलेल्या स्पीकरमधून नाही. आणि दुसरी गोष्ट जिच्यावर मी अडून बसले आहे ती ही की बटण दाबलं आणि रेकॉर्डिंग वाजलं असं अजिबात व्हायला नको. विणकर हळू ठोकतो तेव्हा कापड विरळ होतं, जोर लावतो तेव्हा घट्ट होतं, हाताचं वजन कापडात उतरतं. तसंच ते आवाजात उतरलं पाहिजे. दोन माणसांनी एकच ठोका मारला तरी दोन वेगळे आवाज यायला हवेत.

आत्ता काय जमलंय: फणीच्या चौकटीला पिएझो डिस्क (कंपनांचा विजेचा सिग्नल करणारी चकती) चिकटवली आहे, तिचा सिग्नल यूएसबी साउंड कार्डातून रास्पबेरी पाय या छोट्या कॉम्प्युटरमध्ये जातो, तिथं प्युअर डेटा हे आवाज घडवायचं सॉफ्टवेअर चालू आहे, त्यात छेडलेल्या तारेचं मॉडेल केलंय, आणि बाहेर येणारा आवाज छोट्या अँपमधून एक्सायटरला (ज्याला चिकटवलं ते लाकूडच हलवून त्यातून आवाज काढणारा), जो मागाच्या उभ्या खांबाला स्क्रूने बसवलाय. शिवाय ताण्यात, म्हणजे उभ्या धाग्यांत, मधेमधे जरीचे धागे घातले आहेत, त्यांना हात लावला की स्वर बदलावा म्हणून टच सेन्सर लावलाय, एमपीआर१२१.

अडलंय तीन ठिकाणी. एक, आवाज वाढवला की अख्खा माग भोंग्यासारखा ओरडायला लागतो. दोन, पिएझोचा आवाज पत्र्यासारखा कोरडा येतो, लाकडाचा खर्ज गायबच. तीन, जरीचे काही धागे हात लागला की कळवतात, काही ढिम्म.

तर्री_पोहे:
वा, भारी काम करून राहिली ताई. पण एक विचारू का, राग मानू नका. मागाचं खरं रेकॉर्डिंग वाजवलं तर काय बिघडते? लोकांले तोच आवाज आठवते ना. तुमच्या कॉम्प्युटरमधून जो स्वर येईल तो काही पाचपावलीचा नाई.

आडवा_धागा:
राग कशाला, रास्त प्रश्न आहे. खरा आवाज तर तिथंच आहे ना, फणी ठोकली की लाकूड ठप करतंच, तो काही मी बंद करत नाही. रेकॉर्डिंग लावलं तर माणूस एकदा ऐकतो, हो हो असाच यायचा म्हणतो आणि पुढच्या खोलीत जातो. त्याच्या हाताचा त्या आवाजाशी काही संबंध उरत नाही. मला तो माणूस तिथं बसून राहायला हवाय, दहावा ठोका पहिल्यापेक्षा बरा बसला हे त्याचं त्याला कळायला हवंय. विणकाम अंगात येतं ते तसंच येतं ना.

ओहमचा_नियम:
कोरड्या आवाजाचं कारण सोपं आहे. पिएझो डिस्क म्हणजे विजेच्या हिशोबात एक कपॅसिटर, साधारण २० नॅनोफॅरॅडचा. तुम्ही ती साउंड कार्डाच्या लाइन-इनमध्ये सरळ घातली असणार, त्याचा इनपुट इंपीडन्स (आत येणाऱ्या सिग्नलला होणारा विरोध) साधारण १० किलोओहम धरा. या दोघांचा मिळून हाय-पास फिल्टर होतो आणि तो जवळपास ८०० हर्ट्झच्या खालचं सगळं कापत जातो. लाकडाचा खर्ज तिथंच मरतो. तेच इनपुट १ मेगाओहमचं केलं तर कटऑफ ८ हर्ट्झवर येतो, म्हणजे काहीच कापलं जात नाही. गिटारसाठी असतं तसं हाय-झी, म्हणजे जास्त इंपीडन्सचं, इनपुट कार्डावर असेल तर ते वापरा, नसेल तर एक जेफेट (एक प्रकारचा ट्रान्झिस्टर) आणि दोन-चार रेझिस्टरचा बफर, म्हणजे मधे बसवायचं छोटं सर्किट, बनवा, फार तर शंभर रुपयाचं काम. आणि बफर डिस्कच्या जवळ ठेवा, डिस्कपासून बफरपर्यंतची वायर वीतभरच आणि शिल्डवाली, नाहीतर घरातल्या विजेची ५० हर्ट्झची घुरघुर त्यातूनच शिरते.

डिस्क कशानं चिकटवली आहे? दुहेरी फोमच्या टेपने असेल तर काढा. फोम कंपनं खाऊन टाकतो. इपॉक्सी नाहीतर पातळ सुपरग्लू.

आडवा_धागा:
फोमची टेपच आहे. आज संध्याकाळीच बदलते. हे ८०० चं गणित माहीत नव्हतं, मी तिकडे इक्वलायझरने खर्ज वाढवत बसले होते आणि फक्त घरघर वाढत होती.

भंडारेकर:
आमच्या घरी आजोबांपर्यंत माग होता म्हणून लिहून राहिलो, इलेक्ट्रॉनिक्समधलं मले काही कळत नाई. करवती किनारीच्या (करवतीच्या दात्यांसारख्या काठाच्या) लुगड्याला तीन धोटे (आडवा धागा इकडून तिकडे नेतात ते) लागतात, दोन काठांचे दोन आणि मधल्या अंगाचा एक. म्हणजे साध्या कापडाची लय आणि करवतीची लय एक नसते. साध्या कापडात पावडी (पायानं दाबायची फळी), धोटा, ठोका असं सरळ चालते. करवतीत ठोक्याच्या आधी हात तीनदा गुंततात, म्हणून ठोका उशिरा येते आणि मधी बारीक बारीक आवाज असतात. तुमच्या मागावर नुसता ठोका पकडून राहिल्या का? मग अर्धंच विणकाम झालं ते.

सीताबर्डीची:
भंडारेकर, किती सुंदर लिहिलंत. वाचतेय.

मुळा_मुठा:
पुण्याहून. आपल्याकडे अशा कामाचा इतिहास वाटतो तितका नवा नाही. अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत, एनआयडीत, १९६९ साली मूग सिंथेसायझर येऊन इलेक्ट्रॉनिक संगीताचा स्टुडिओ उभा राहिला होता, अमेरिकन संगीतकार डेव्हिड ट्यूडर यांनी तो लावून दिला. गीता साराभाई आणि इतर काही जणांनी तिथं टेपवर काम केलं आणि त्या टेपा पुढे कित्येक वर्षं कुणाच्या आठवणीतही नव्हत्या. हे मुद्दाम अशासाठी सांगतोय की रेसिडेन्सी संपल्यावर तुमच्या कामाचं काय होणार हे आत्ताच ठरवा. पॅचची फाइल, सर्किटचे फोटो, कुठला खिळा कुठं, सगळं लिहून ठेवा. माग परत गाद्यांखाली गेला तर पुढच्याला त्यावरून परत उभा करता आला पाहिजे.

दुसरा मुद्दा, तुम्ही तारेचं मॉडेल म्हणताय ते कार्प्लस-स्ट्राँगच ना?

आडवा_धागा:
हो तेच, १९८३ चं. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात, कारण मला स्वतःला हे फार आवडलंय. एखादा क्षणभराचा खडखडाट घ्यायचा, तो एका छोट्या डिलेमध्ये (आवाज जरा थांबवून परत सोडणारी साठवण) सोडायचा आणि तिथं गोल गोल फिरवायचा, प्रत्येक फेरीला थोडा बोथट करत. कानाला ती छेडलेली तार वाटते. सेकंदाला ४८००० नमुने असतील आणि डिले २०० नमुन्यांचा ठेवला तर २४० हर्ट्झचा स्वर येतो, डिले लांबवला की स्वर उतरतो. सहसा तो पहिला खडखडाट कॉम्प्युटरच तयार करतो. मी तिथं पिएझोतून आलेला खरा ठोका घालतेय. म्हणून जोरात ठोकलं की तार चकचकीत वाजते, हळू ओढलं की घुमी. जोर किती लागला हे वेगळं मोजायची, जोर असेल तर हे वाजव नसेल तर ते वाजव असं काही लिहायची गरजच पडत नाही, ठोक्याचं जे काही आहे ते आपोआप आवाजात जातं. याच एका गोष्टीसाठी मी हा सगळा खटाटोप करतेय.

मुळा_मुठा:
मग ओरडण्याचा उपाय तुमच्या याच पद्धतीत आहे. आत्ता पिएझो सतत उघडा आहे, एक्सायटरने हलवलेलं लाकूड तो परत ऐकतो आणि ते चक्र वाढत जातं. पण तारेला फक्त सुरुवातीचा धक्का हवा असतो. म्हणून गेट लावा: ठोका ओळखला की दार १५ मिलिसेकंद उघडायचं, तेवढाच तुकडा तारेत सोडायचा, की बंद. तार वाजत राहील पण पिएझोला ती ऐकू जाणार नाही. पुढचा ठोका ओळखायची पातळी मात्र स्थिर ठेवू नका. तार जोरात वाजत असताना पातळी वर असावी, आवाज विरत गेला की तीही उतरत जावी.

ओहमचा_नियम:
हे बरोबर. शिवाय एक्सायटर आणि डिस्क शक्य तितके लांब, वेगवेगळ्या लाकडांवर. फणीची चौकट वरून लोंबती असते ना, मग डिस्क तिच्यावरच राहू द्या, तो भाग बाकी सांगाड्यापासून बऱ्यापैकी सुटा असतो.

आवाज उशिरा पोचतोय का तेही तपासा. हाताला आणि कानाला वीसेक मिलिसेकंदांच्या पुढे फरक जाणवायला लागतो, आणि ब्लूटूथ स्पीकर तर शंभरच्या वर सहज जातो, ते नावच काढू नका. रास्पबेरी पायवर ऑडिओचा बफर (आवाज वाजण्याआधी साठतो ती जागा, आधीचं सर्किट नव्हे) लहान ठेवा.

आडवा_धागा:
ब्लूटूथ कुठंच नाही. बफर कमी केला की मधेच टिकटिक येते, पण स्क्रीन, वायफाय, सगळं बंद करून रास्पबेरी पाय नुसताच चालवला तर बरं वागतोय.

तर्री_पोहे:
जरीचं काय झालं मग? ते कोणीच सांगितलं नाई.

सीताबर्डीची:
जरीचं मी सांगते, आमचं साड्यांचं दुकान होतं. आडवा_धागा, जरी कुठली घेतलीत? खऱ्या जरीत रेशमावर चांदीची तार गुंडाळून सोन्याचं पाणी देतात, टेस्टेड जरीत तार तांब्याची असते. आणि आता जी सगळीकडे स्वस्त मिळते ती प्लास्टिक जरी, म्हणजे पॉलिस्टरच्या पट्टीवर धातूचा उडता थर आणि वरून लाख. डोळ्याला तिन्ही चमकतात. तुमच्याकडे दोन प्रकार मिसळले असतील, म्हणून काही बोलतात काही नाही. ओढून नाही कळत, टोक जाळून बघा. प्लास्टिकवाली वितळून गोळी होते, तांब्यावाली जळल्यावर बारीक तार मागे उरते.

ओहमचा_नियम:
उत्तम माहिती. यात एक भर. टेस्टेड जरीवरही कधी लाखेचा थर असतो, म्हणून मल्टिमीटरची टोकं नुसती टेकवली तर रीडिंग येणार नाही, पण घाबरू नका. एमपीआर१२१ कपॅसिटिव्ह आहे, त्याला उघड्या धातूला बोट लागावं लागत नाही, आत सलग तार असली की पुरे. फक्त सेन्सरची वायर जिथं जोडता तिथला थर घासून काढा.

अजून दोन गोष्टी. चालू करताना जरीला कोणी हात लावून उभं राहू नका, त्या क्षणाची जी स्थिती असते तीच तो 'हात नाही' म्हणून धरतो. आणि बसायच्या फळीवर तांब्याची टेप लावून ती सर्किटच्या ग्राउंडला जोडा, वरून पातळ कापड टाका. माणूस बसला की त्याच्या अंगाला परतीचा रस्ता मिळतो, मग रीडिंग माणसागणिक उड्या मारत नाही. लॅपटॉप चार्जरला लावला की सेन्सर वेगळा वागतो आणि काढला की वेगळा, ते याच कारणाने.

जुनी_मिल:
पावसाळ्याचं ध्यानात घ्या. सुती ताणा हवेतला ओलावा धरतो आणि ओलं सूत थोडी वीज वाहतं, एका जरीला हात लावला तर शेजारची पण बोलंल. विणकराला मात्र तीच दमट हवा हवी असते, कोरड्या हवेत सूत तुटते. माझे आजोबा एम्प्रेस मिलमध्ये होते, १८७७ च्या १ जानेवारीला सुरू झालेली जमशेदजी टाटांची मिल, त्याच दिवशी व्हिक्टोरिया राणीला भारताची सम्राज्ञी जाहीर केलं म्हणून ते नाव. तिथं हवा दमट ठेवायची यंत्रं होती. आजोबा म्हणत, आपल्या नागपूरच्या उन्हाळ्यात सुताले माणसापेक्षा जास्त जपा लागते. तर तुम्ही जरीच्या दोन जुडग्यांमधी चांगलं बोटभर अंतर ठेवा, आणि मधल्या सुताऐवजी पॉलिस्टरचा दोरा भरा.

आणि पोरी, मागाच्या खोलीत कूलर लावू नको. ओलावाही देते आणि त्याची मोटर तुझ्या त्या पिएझोत घुसंल.

आडवा_धागा:
काका, कूलर आजच बाहेर ठेवते. जरीचं टोक जाळून पाहिलं, सीताबर्डीची यांचं शंभर टक्के खरं निघालं, दोन रिळं प्लास्टिकची आहेत. उद्या इतवारीत जाऊन टेस्टेड आणते.

झिरो_माईल:
सगळं वाचलं. एक थोडा टोचणारा प्रश्न. विणकर कोष्टी समाजाचं पोटापाण्याचं साधन बंद पडलं आणि आता आपण कलावाले लोक तेच उचलून दालनात ठेवून राहिलो. ज्याचा माग आहे त्याले यातून काय?

आडवा_धागा:
टोचला पाहिजे असाच प्रश्न आहे. काय केलंय ते सांगते, पुरेसं आहे असा दावा नाही. माग विकत घेतलेला नाही, भाड्याने आहे, रेसिडेन्सी संपली की परत त्यांच्याकडे. लाकडात एकही कायमचं भोक पाडायचं नाही असं ठरलं होतं, खांबाला एक्सायटर बसवायला ज्या जागी जुन्या खिळ्यांची भोकं होती तिथंच स्क्रू गेले आहेत. शेजारच्या गल्लीत एक आजोबा आहेत ज्यांनी आयुष्यभर विणलं, ते शिकवायला येतात, त्यांना मानधन माझ्या सामानाच्या पैशातून नाही तर वेगळं मिळतं, ते मी संस्थेकडून आधी लिहून घेतलं. पाटीवर नाव टाकायचं की नाही, कसं टाकायचं, ते तेच ठरवतील.

काल ते आले होते आणि तो प्रसंग इथं सांगितलाच पाहिजे. बफर बसवला होता, गेट लावलं होतं, ओरडणं बंद झालं होतं. आजोबा बसले, उजवा पाय पावडीवर, फणीची चौकट दोन बोटांनी धरली आणि ओढली. मी आणि इथं येणारी सगळी मंडळी ढकलून मारल्यासारखी ठोकतो, त्यांनी नुसती मनगटातून आणली आणि शेवटच्या इंचाला सोडून दिली. इतका गोल आवाज त्या लाकडातून मी पहिल्यांदा ऐकला. त्यांनी तीन-चारदा केलं, मग मान हलवली, उठले, मागची तुळई (उभे धागे गुंडाळलेला रूळ) थोडी फिरवून ताणा आवळला आणि परत बसले. आवाज चढला. तारेच्या डिलेला मी हातही लावलेला नव्हता, ठोकाच कडक झाला होता. मला म्हणाले, "ढिल्या ताण्याचा आवाज पोटातून येते, आता ठीक आहे." धागा तुटला तरी आम्हाले आधी कानालेच कळे, असंही म्हणाले. आणि मग विचारलं, "धोटा कुठं आहे तुमचा?"

भंडारेकर:
पाहा, मी काय म्हटलं होतं.

आडवा_धागा:
हो भंडारेकर, तुमचीच आठवण झाली. धोटा नसेल तर ठोक्यांच्या मधली जागा रिकामी पडते आणि लोक ढोल बडवावा तसं सलग बडवतात. म्हणून आता धोटा येतोय. दोन्ही बाजूंना जिथं तो जाऊन आपटतो त्या पेट्यांना एकेक डिस्क, तिचा आवाज वेगळ्या, आखूड तारेत, म्हणजे बारीक आणि चटकन विरणारा. पावडीला इलेक्ट्रॉनिक्स काहीच लावणार नाही, तिची स्वतःची करकर पुरेशी आहे.

मुळा_मुठा:
धोट्याला आवाज दिलात हे फार चांगलं. आता मात्र थांबा. जरीने स्वर बदलणं, धोटा, ठोका, तिन्ही एकदम आलं तर नव्या माणसाला आपल्या कुठल्या हालचालीने काय झालं ते उमगणार नाही. ओपन स्टुडिओसाठी जरीचं काम कमी करा. बारा जुडग्यांचे बारा स्वर नकोत.

आडवा_धागा:
हे मनाला लागलंय पण पटतंय. एमपीआर१२१ ला बारा पिना आहेत म्हणून बारा स्वर, याला खरंच काही अर्थ नव्हता. जरीचं एकच काम ठेवते: तळहात ताण्यावर ठेवला की वाजणारी तार दबेल, उचलला की मोकळी. वाद्यावर हात ठेवून आवाज थांबवणं कुणालाही शिकवावं लागत नाही. स्वर आजोबांसारखा ताणा आवळून बदलू दे, ज्याला तिथपर्यंत जायचंय तो जाईल.

इमारतीचे चौकीदार आणि खालच्या चहावाल्याचा पोरगा, दोघांना काहीही न सांगता बसवलं. चौकीदार आधी बिचकत होते, मग बराच वेळ उठलेच नाहीत. पोराने मात्र एवढ्या जोरात ओढली की सिग्नल फाटला, तर आता इनपुटला लिमिटर (सिग्नल ठराविक पातळीच्या वर जाऊ न देणारा) घातलाय आणि चौकटीच्या मागे रबराचा तुकडा अडकवलाय.

ओहमचा_नियम:
रबर चांगलं. ओपन स्टुडिओच्या दिवशी दुसरी डिस्क आणि दुसरं एसडी कार्ड कॉपी करून खिशात ठेवा. रास्पबेरी पाय एकदम बंद केला की कार्ड खराब होऊ शकतं, आणि दिवे जायचे तेव्हाच जातात. छोटा यूपीएस लावा.

तर्री_पोहे:
ताई मी येणार आहे, पोरीले घेऊन. रेकॉर्डिंगचं म्हटलं होतं ते मागं घेतो. बफरचं सर्किट इथं टाकता का? मले तिच्या शाळेच्या विज्ञान प्रदर्शनात टाकायचं आहे काहीतरी.

आडवा_धागा:
नक्की या, पोरीला मागावर बसवूच. सर्किट लिहून देते: जे२०१ जेफेट (गेट, सोर्स, ड्रेन ही त्याच्या तीन पायांची नावं, वरच्या गेटशी संबंध नाही), गेटपासून ग्राउंडला २.२ मेगाओहम, सोर्सपासून ग्राउंडला १० किलोओहम, ड्रेन सरळ ९ व्होल्टच्या बॅटरीला, आउटपुट सोर्सवरून १ मायक्रोफॅरॅडमधून. डिस्कची पितळी बाजू ग्राउंडला, मधला पांढरा गोल गेटला. सोल्डरिंग पांढऱ्या भागावर चटकन करा, जास्त तापलं तर तो थर निघून येतो. जे२०१ मिळाला नाही तर २एन५४५७ चालेल, पण पायांचा क्रम डेटाशीटमध्ये बघून लावा.